दुसरी पसंती विचारणारी मतपत्रिका

महाराष्ट्रात कोणत्याही निवडणुकीचा निकाल लागला की एक वाक्य हमखास कानावर पडते : अमक्याने तमक्याची मते खाल्ली. हरलेला पक्ष ते म्हणतो, वर्तमानपत्रांतील विश्लेषक म्हणतात आणि ज्याच्यावर हा आरोप होतो तो उमेदवार ते नाकारतो. यातले खरे काय, हे आजच्या पद्धतीत कोणालाही सिद्ध करता येत नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मत देणाऱ्या माणसाची दुसरी पसंती कोण होती, हे त्याला मतदान केंद्रात कोणी विचारलेलेच नसते. आपल्या निवडणूक पद्धतीविषयी माझी जी मूळ तक्रार आहे ती एवढीच आहे, आणि ती कोणत्याही एका पक्षाच्या जय-पराजयाशी जोडलेली नाही. मतदाराला जे ठाऊक असते, त्यातला फार थोडा भाग आपली मतपत्रिका त्याच्याकडून मागून घेते.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीतील औरंगाबाद मतदारसंघ (शहराचे त्या वेळचे नाव हेच होते) या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. तेथे एमआयएमचे इम्तियाज जलील यांना ३,८९,०४२ मते मिळाली, शिवसेनेचे चंद्रकांत खैरे यांना ३,८४,५५०, अपक्ष हर्षवर्धन जाधव यांना २,८३,७९८ आणि काँग्रेसचे सुभाष झांबड यांना ९१,७८९. जलील ४,४९२ मतांनी निवडून आले. एकूण मतांच्या सुमारे एक-तृतीयांश मते त्यांना मिळाली होती आणि नियमाप्रमाणे त्यांचा विजय निर्विवाद होता. प्रश्न उरतो तो जाधव यांच्या पावणेतीन लाखांहून अधिक मतदारांचा. जाधव रिंगणात नसते तर ही मते खैरे यांच्याकडे गेली असती असे बहुतेकांनी गृहीत धरले. झांबड यांच्या मतदारांचे काय झाले असते, याचा विचार फारसा कोणी केला नाही. दोन्ही गटांची दुसरी पसंती नोंदवलेली असती तर कदाचित खैरे जिंकले असते, कदाचित जलील यांचाच विजय निम्म्याहून अधिक मतांनी पक्का झाला असता. दोन्ही शक्यता खुल्या आहेत आणि त्या कायमच्या खुल्या राहणार आहेत. पुढची पाच वर्षे त्या मतदारसंघात जी चर्चा चालली, तिचा पाया असा निव्वळ अंदाजाचा होता.

ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, मग ती मते निम्म्याहून कितीही कमी असोत, हा नियम समजायला सोपा आहे आणि मोजायला त्याहून सोपा आहे. हे त्याचे खरे गुण आहेत आणि १९५२ पासून या देशातल्या कोट्यवधी मतदारांनी त्याच्या आधारे सरकारे आणली आणि घालवली, याचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु हा नियम मतदारावर एक ओझेही टाकतो. आपल्याला मनापासून आवडणारा उमेदवार तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकावर राहणार अशी हवा असेल, तर त्याला मत देणे म्हणजे मत वाया घालवणे, असे घरचे, शेजारचे आणि प्रचाराला आलेले कार्यकर्ते सांगतात. मग मतदार आपली निवड बाजूला ठेवून, जो नको आहे त्याला पाडण्यासाठी दुसऱ्याच कोणाचे तरी बटण दाबतो. अशा मतातून त्याची आवड कळत नाही, नावडही धड कळत नाही. पुढे त्याच मताला पाठिंबा म्हणून मिरवले जाते.

या नियमामुळे आणखी एक वाईट सवय लागली आहे. प्रतिस्पर्ध्याची मते फुटावीत म्हणून उमेदवार उभे करणे, हे आपल्याकडे निवडणुकीच्या तंत्राचाच एक भाग मानले जाते. २०१४ साली रायगड लोकसभा मतदारसंघात सुनील तटकरे हे अनंत गीते यांच्याकडून २,११० मतांनी हरले, तेव्हा त्यांच्याच नावाच्या एका अपक्ष उमेदवाराला ९,८४९ मते पडली होती. पसंतीक्रमाची पद्धत म्हणजे मतदाराने उमेदवारांना १, २, ३ असा क्रम द्यायचा आणि आपला उमेदवार बाद झाला तर ते मत पुढच्या पसंतीला जायचे. नामसाधर्म्यामुळे होणारी गफलत तिने पूर्णपणे थांबणार नाही, हे मान्य आहे. परंतु मते फोडण्यासाठी उभ्या केलेल्या उमेदवाराचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा त्याला पडलेले मत तिथेच संपते. ते मत पुढे सरकणार असेल तर अशा उमेदवारावर कोणी पैसा खर्च करणार नाही.

मते आणि जागा यांच्यातल्या तफावतीबद्दल तर महाराष्ट्राने २०२४ मध्ये सहा महिन्यांच्या अंतराने दोन विरुद्ध दिशांचे धडे पाहिले. लोकसभेला दोन्ही आघाड्यांना मिळालेल्या मतांत फार तर एखाद्या टक्क्याचा फरक होता, पण महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या आणि महायुतीला १७. भाजपची मते २६ टक्क्यांच्या वर आणि जागा ९, तर काँग्रेसची मते १७ टक्क्यांच्या आसपास आणि जागा १३. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला चित्र उलटले. महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळून सुमारे ४८ टक्के मते आणि २८८ पैकी २३० जागा मिळाल्या, तर समोरच्या तीन पक्षांना सुमारे ३४ टक्के मते आणि केवळ ४६ जागा. राष्ट्रवादीच्या दोन गटांची तुलना आणखी बोलकी आहे : अजित पवार यांच्या पक्षाला ९ टक्के मतांवर ४१ जागा, आणि शरद पवार यांच्या पक्षाला ११ टक्क्यांहून अधिक मतांवर १०. या दोन पक्षांनी लढवलेल्या जागांची संख्या वेगळी होती, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही. तरीही दोन्ही बाजूंच्या समर्थकांनी या दोन निकालांतला फक्त आपल्या गैरसोयीचा निकाल तेवढा अन्यायाचा मानला, याचे मला वाईट वाटते. यंत्रणा दोन्ही वेळा तीच होती. गोव्यात २०२२ साली ४० जागांपैकी २० जागा भाजपला साधारण ३३ टक्के मतांवर मिळाल्या आणि तृणमूल काँग्रेसला पाच टक्क्यांहून अधिक मते मिळूनही एकही जागा मिळाली नाही. सुमारे तीस हजार मतदारांचे छोटे मतदारसंघ आणि पाच-सहा पक्ष अशी गाठ पडली की असे निकाल लागणारच.

पर्यायाचा विषय निघाला की लोक तो परदेशी आणि पुस्तकी असल्यासारखे बोलतात. वास्तविक महाराष्ट्रात दुसरी पद्धत पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. मी पुणे पदवीधर मतदारसंघाचा मतदार आहे. विधान परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी सात पदवीधर मतदारसंघांतून आणि सात शिक्षक मतदारसंघांतून येतात, आणि या निवडणुकीत मतदाराला बटण दाबायचे नसते. त्याला कागदी मतपत्रिका आणि जांभळ्या रंगाचे स्केच पेन दिले जाते. सर्वांत आवडत्या उमेदवारासमोर १, त्यानंतरच्यासमोर २, मग ३, असे त्याला वाटेल तितके पुढे लिहिता येते. १ लिहिणे आवश्यक, बाकीचे ऐच्छिक. आकडा मराठी, इंग्रजी किंवा रोमन चालतो, मात्र ‘एक’ असे अक्षरी लिहिलेले चालत नाही. वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक एवढा कोटा ठरतो. पहिल्या पसंतीत तो कोणी गाठला नाही तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरील पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. डिसेंबर २०२० मध्ये पुणे पदवीधरला साठाहून अधिक उमेदवार होते आणि मतपत्रिका टेबलभर पसरत होती, तरीही लोकांनी आकडे लिहिलेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमरावती पदवीधरची मतमोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत लांबली, कारण पहिल्या पसंतीत निकाल लागला नाही आणि एकेक उमेदवार बाद करत पुढे जावे लागले. शेवटी काँग्रेसचे धीरज लिंगाडे यांनी रणजित पाटील यांचा पराभव केला. तीस तास मोजणी चालल्याबद्दल बातम्यांत बराच कंटाळा व्यक्त झाला. मला मात्र त्या तासांत काहीतरी मोलाचे घडत होते असे वाटले : हरलेल्या उमेदवारांच्या मतदारांनाही शेवटच्या लढतीत आपले म्हणणे मांडता येत होते.

आमदार स्वतः तर ही पद्धत अधिक बारकाईने वापरतात. राज्यसभेच्या १० जून २०२२ च्या निवडणुकीत सहा जागांसाठी सात उमेदवार होते. पहिल्या पसंतीची मते शिवसेनेच्या संजय पवार यांना भाजपच्या धनंजय महाडिक यांच्यापेक्षा अधिक मिळाली होती. परंतु पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना कोट्यापेक्षा जास्त मिळालेल्या मतांचे मूल्य दुसऱ्या पसंतीने महाडिक यांच्याकडे वळले आणि ते निवडून आले. आमच्या आमदारांना दशांश अपूर्णांकांपर्यंतचा हिशेब जमतो, पदवीधरांना आकडे लिहिणे जमते, मग सामान्य मतदाराला एकाच बटणापुरते का मानायचे, हा माझा प्रश्न आहे.

राष्ट्रपतींची निवड घटनेच्या ५५व्या अनुच्छेदाप्रमाणे याच पसंतीक्रमाने होते, आणि १९६९ ची निवडणूक मराठी वाचकाने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. त्या वेळी व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यासमोर तिसरे प्रमुख उमेदवार होते चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा त्यांना पाठिंबा होता. पहिल्या पसंतीत गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुख यांना १,१२,७६९ मूल्याची मते मिळाली. कोटा होता ४,१८,१६९, म्हणजे गिरी आघाडीवर असले तरी बहुमत त्यांच्याकडे नव्हते. छोटे उमेदवार आणि शेवटी देशमुख बाद झाल्यावर पुढच्या पसंतीची मते वाटली गेली, तेव्हा गिरी ४,२०,०७७ वर आणि रेड्डी ४,०५,४२७ वर पोचले. पहिल्या फेरीतले जवळपास ८८ हजारांचे अंतर १५ हजारांच्या आत आले. देशमुखांच्या मतदारांचा मोठा वाटा रेड्डी यांच्याकडे वळला होता, परंतु तो पुरेसा ठरला नाही.

या निकालात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की साध्या मोजणीनेही गिरीच जिंकले असते. पसंतीक्रमाने विजेता बदलला नाही, पण त्याच्या विजयाबद्दलची शंका पुसून टाकली. ४८ टक्क्यांवर निवडून आलेला राष्ट्रपती आणि शेवटच्या दोघांच्या लढतीत बहुमत सिद्ध केलेला राष्ट्रपती यांत फरक आहे, विशेषतः काँग्रेस फुटण्याच्या बेतात असताना आणि सदसद्विवेकबुद्धीने मतदान करण्याच्या इंदिरा गांधींच्या आवाहनावरून देश ढवळून निघालेला असताना तो फरक मोठा होता. दुसरी गोष्ट देशमुखांसंबंधी आहे. त्यांनी रेड्डींची मते खाल्ली, असे कोणाला म्हणता आले नाही, कारण त्यांच्या मतदारांनी दुसरी पसंती कोणाला दिली हे मोजणीच्या कागदावर आले होते. तिसऱ्या उमेदवाराला आपल्या भूमिकेसाठी सन्मानाने उभे राहता येते, ते अशा मोजणीत.

तरीही लोकसभा आणि विधानसभेसाठी आपण हा मार्ग का घेतला नाही, याचे उत्तर घटना समितीच्या चर्चेत आहे. जानेवारी १९४९ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या, पद्धतीने व्हावी अशी दुरुस्ती मांडली आणि के. टी. शहा यांनी त्याच दिशेने आग्रह धरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन कारणे देऊन ती नाकारण्यास सांगितले. एक, या पद्धतीसाठी मतदाराला निदान आकडे ओळखता आणि लिहिता आले पाहिजेत, आणि देशातील साक्षरता पाहता ती अपेक्षा ठेवणे अशक्य आहे. दोन, अशा पद्धतीने संसदेत लहान लहान गट होतील आणि संसदीय सरकारला स्थैर्य राहणार नाही. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे १८ टक्के भरली, हे लक्षात घेतले तर पहिले कारण त्या काळी किती रास्त होते ते कळते. दुसरे कारण आजही गंभीरपणे विचारात घ्यावे लागते.

बाबासाहेबांचे हे मत आजच्या चर्चेत शेवटचा शब्द म्हणून वापरले जाते, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या निवडणुकांचा इतिहासही समोर ठेवला पाहिजे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई इलाख्यात बहुसदस्य मतदारसंघांत एकत्रित मतांची पद्धत होती. मतदाराला जेवढी मते असत, ती सगळी तो एकाच उमेदवाराला देऊ शकत असे. अल्पसंख्य समाजाला आपली ताकद एका ठिकाणी लावता येते म्हणून बाबासाहेबांनी तिचा आग्रह धरला होता. १९४६ मध्ये ते बंगालच्या विधिमंडळातून घटना समितीवर निवडून गेले, तेही पसंतीक्रमाच्या, म्हणजे संक्रमणीय (पुढच्या पसंतीकडे सरकणाऱ्या) मताच्या पद्धतीने. मुंबई प्रांतातून काँग्रेसच्या विरोधापुढे त्यांना जागा मिळणे कठीण होते आणि जोगेंद्रनाथ मंडल यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या बळावर बंगालमध्ये त्यांना पुरेशा पसंत्या मिळाल्या. मोठ्या पक्षाच्या बहुमताने सगळ्या जागा घेण्याऐवजी छोट्या गटालाही आपला माणूस पाठवता येतो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य, आणि बाबासाहेबांचा घटना समितीतील प्रवेश त्याच वैशिष्ट्यामुळे शक्य झाला.

१९५२ मध्ये ते उत्तर मुंबईतून लोकसभेसाठी उभे राहिले. तो द्विसदस्य मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते मिळाली. त्यांचा १४,५६१ मतांनी पराभव झाला. बाद झालेल्या मतांची संख्या या फरकाच्या कितीतरी पट असल्याचा मुद्दा बाबासाहेब आणि त्यांचे समाजवादी सहकारी अशोक मेहता यांनी निवडणूक याचिकेत मांडला. त्याच वर्षी ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून गेले, पुन्हा एकदा पसंतीक्रमाच्या पद्धतीने. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. हा सगळा क्रम सांगण्यामागचा माझा हेतू बाबासाहेबांना त्यांच्याच विरुद्ध उभे करण्याचा नाही. त्यांनी १९४९ मध्ये जे सांगितले ते त्या काळच्या मतदाराकडे पाहून सांगितले. मतांची मोजणी कशी होते यावर दुर्बल समाजाचा आवाज किती पोचतो हे ठरते, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नव्हते. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत साक्षरता ८२ टक्क्यांच्या पुढे गेली होती, आणि ज्यांना वाचता येत नाही असे लाखो लोकही रोज मोबाइलवर दहा आकडी क्रमांक लावतात. बाबासाहेबांच्या पहिल्या कारणाचा आधार आता उरलेला नाही.

साक्षरता कमी असतानाही हे जमते, याचे उदाहरण पापुआ न्यू गिनीचे आहे. शेकडो भाषांच्या या देशात २००२ च्या निवडणुकीत अनेक सदस्य वीस टक्क्यांहून कमी मतांवर निवडून आले. त्यानंतर तेथे प्रत्येक मतदाराने तीन पसंत्या द्यायच्या अशी मर्यादित पसंतीक्रमाची पद्धत आली आणि २००७ पासून सार्वत्रिक निवडणुका तिच्यानुसार होत आहेत. ऑस्ट्रेलियात हीच गोष्ट शंभर वर्षांपूर्वी घडली. ऑक्टोबर १९१८ मध्ये स्वान येथील पोटनिवडणुकीत मजूर पक्षाचा उमेदवार सुमारे ३४ टक्के मतांवर जिंकला, कारण समोरची मते दोघांत विभागली गेली. सरकारने ताबडतोब कायदा बदलला आणि डिसेंबरमध्ये कोरँगमाइट येथे पहिल्या पसंतीत मागे असलेला शेतकरी संघटनेचा उमेदवार पुढच्या पसंतीच्या बळावर निवडून आला. सत्ताधाऱ्यांनी ही सुधारणा स्वतःच्या फायद्यासाठी केली, हे उघड आहे. तरीही ती टिकली आणि पुढे तिचा लाभ सर्वांना झाला.

शेजारच्या श्रीलंकेचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. तेथे राष्ट्राध्यक्षपदासाठी तीन पसंत्या देता येतात, पण सप्टेंबर २०२४ पर्यंत दुसरी पसंती मोजण्याची वेळच आली नव्हती. त्या वेळी अनुरा कुमारा दिसानायके यांना पहिल्या मोजणीत ५६,३४,९१५ आणि सजिथ प्रेमदासा यांना ४३,६३,०३५ मते मिळाली, आणि एकट्या रानिल विक्रमसिंघे यांच्याकडे सुमारे २३ लाख मते होती. दुसऱ्या मोजणीत दिसानायके यांना १,०५,२६४ आणि प्रेमदासांना १,६७,८६७ मतांची भर पडली. बाद झालेल्या उमेदवारांच्या बहुसंख्य मतदारांनी या दोघांपैकी कोणालाही पसंती दिलेली नव्हती. कायद्यात सोय असली तरी ती मतदारापर्यंत पोचवावी लागते. पक्षांना आपल्या मतदाराने दुसऱ्या कोणाचे नाव लिहावे असे वाटत नाही, म्हणून हे काम निवडणूक आयोगालाच करावे लागेल.

फ्रान्ससारखी दुसरी फेरी घ्यावी, असे काही जण सुचवतात. मला ती सूचना पटत नाही. आपल्याकडे एकदा मतदान घेणे हेच प्रचंड काम आहे. शिवाय पहिल्या फेरीतच मते विभागली तर दुसरी फेरी चुकीच्या दोघांत होऊ शकते. २००२ मध्ये तेथे सोळा उमेदवार होते, डाव्यांची मते फुटली आणि पंतप्रधान लिओनेल जोस्पँ १६ टक्क्यांवर अडकून तिसरे आले.

पसंतीक्रमाने काय होणार नाही, हेही स्वच्छ सांगितले पाहिजे. एका मतदारसंघातून एकच सदस्य निवडायचा असेल तर पसंतीक्रम मतविभागणीचा प्रश्न सोडवतो, मते आणि जागा यांतील तफावत सोडवत नाही. ११ टक्के मतांवर १० जागा मिळालेल्या पक्षाला त्याने न्याय मिळेलच असे नाही. त्यासाठी बहुसदस्य मतदारसंघ किंवा पक्षांच्या याद्या लागतात. न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत मजूर पक्षाला देशभर जास्त मते मिळूनही नॅशनल पक्ष सत्तेवर राहिला, १९८१ मध्ये तिसऱ्या पक्षाला वीस टक्क्यांहून अधिक मतांवर दोनच जागा मिळाल्या, आणि त्या असंतोषातून १९९३ च्या जनमत कौलाने मतदारसंघ आणि पक्षांच्या याद्या यांची मिश्र पद्धत स्वीकारली गेली. आपल्या विधी आयोगाने १९९९ च्या १७०व्या आणि २०१५ च्या २५५व्या अहवालात अशा मिश्र पद्धतीची चर्चा केली आहे. आयर्लंडने बहुसदस्य मतदारसंघ आणि पसंतीक्रम यांची सांगड घातली, आणि १९५९ व १९६८ मध्ये सत्ताधारी पक्षाने ती मोडण्यासाठी घेतलेले दोन्ही कौल तेथील जनतेने फेटाळले.

आयर्लंडच्या सांगाड्यासारखे काहीतरी आपल्या महानगरपालिकांत आधीच उभे आहे. पुण्यात २०१७ च्या निवडणुकीत ४१ प्रभागांपैकी ३९ प्रभाग चार सदस्यांचे होते. एका प्रभागातून चार नगरसेवक म्हणजे प्रमाणशीर प्रतिनिधित्वासाठी अगदी योग्य आकार. पण अ, ब, क, ड अशा चार स्वतंत्र जागांसाठी चार स्वतंत्र बटणे दाबायची असल्यामुळे, प्रभागात चाळीस टक्के मते असलेला पक्ष चारही जागा नेऊ शकतो आणि साठ टक्के मतदारांचा एकही नगरसेवक नसतो. बहुसदस्य रचनेचा तोटा तेवढा घेतला, फायदा सोडून दिला. आरक्षित जागांमुळे येथे संक्रमणीय मताची मोजणी गुंतागुंतीची होईल, हे खरे आहे, आणि म्हणून सुरुवात येथून करावी असे मी म्हणणार नाही.

पसंतीक्रमावरचा सर्वांत गंभीर आक्षेप गणिती आहे. तीन किंवा अधिक पर्याय असताना रास्त वाटणाऱ्या सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारी कोणतीही क्रमवारीची पद्धत असू शकत नाही, हे केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केले. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतील अलास्का राज्याच्या पोटनिवडणुकीत त्याचा प्रत्यय आला. निक बेगिच हे एकास एक लढतीत मेरी पेल्टोला आणि सारा पेलिन या दोघींपेक्षा अधिक मतदारांना चालणारे उमेदवार होते, पण पहिल्या पसंतीची मते सर्वांत कमी असल्याने तेच आधी बाद झाले आणि पेल्टोला निवडून आल्या. हा दोष खरा आहे. मात्र तो दोष आपल्याला कळला कसा, हे पाहावे : मतपत्रिकांवर पसंतीक्रम लिहिलेले होते म्हणून. तीच माहिती हाती असेल तर मोजणीची अधिक चांगली रीतही पुढे स्वीकारता येते. एका बटणाच्या मतदानात दोष असतो आणि तो दिसतही नाही.

बाद मतांचा आक्षेप मला अधिक व्यावहारिक वाटतो. पदवीधरांच्या निवडणुकीतही हजारो मतपत्रिका बाद होतात : कोणी बरोबरची खूण करतो, कोणी सही करतो, कोणी दोघांसमोर १ लिहितो. याला उपाय नियम सौम्य करण्याचा आहे. एकाच उमेदवारासमोर केलेली कोणतीही स्पष्ट खूण पहिली पसंती मानावी, आणि क्रम पुढे कुठे चुकला असेल तर चुकीच्या आधीपर्यंतचा क्रम ग्राह्य धरावा.

सुरुवात कोठून करावी, याविषयी माझे मत निश्चित आहे. लोकसभा आणि विधानसभेची पद्धत बदलणे संसदेच्या हातात आहे आणि ज्यांना आजच्या पद्धतीने जागा मिळाल्या त्यांच्याकडून ते लवकर होणार नाही. नगराध्यक्ष आणि सरपंच यांच्या निवडणुकांचा कायदा मात्र राज्य विधिमंडळ करते, आणि २०२२ पासून महाराष्ट्रात ही दोन्ही पदे पुन्हा थेट जनतेतून निवडली जातात. पद एकच, उमेदवार पाच-सहा, बंडखोर हमखास, आणि निवडून आलेल्या माणसाला सगळ्या गावाबरोबर काम करायचे, अशा जागी पसंतीक्रम जितका उपयोगी पडेल तितका दुसरीकडे कोठेही पडणार नाही. ज्याला दुसऱ्याच्या मतदारांची दुसरी पसंती हवी आहे, तो प्रचारात त्यांच्या वस्तीत जाईल आणि त्यांच्याशी बोलेल. नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमात आणि त्याखालील निवडणूक नियमांत दुरुस्ती करून काही निवडक नगरपरिषदांत, नगराध्यक्षपदापुरती, तीन पसंत्यांची कागदी मतपत्रिका वापरता येईल. नगरसेवकांचे मतदान यंत्रावरच राहील. पंधरा-वीस हजार मतपत्रिका एका सभागृहात एका दिवसात हाताने मोजून होतात, आणि कोणत्या उमेदवाराची मते कोठे गेली याचा फेरीनिहाय तक्ता राज्य निवडणूक आयोगाने प्रसिद्ध करावा, ही अट कायद्यातच घातली पाहिजे.